बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाऊस कोसळला, उभी पिकं तर गेलीच पण कित्येकांच्या शेतातली मातीसुद्धा खरवडून गेली, ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आणि मग मुंबईत लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत जो वाद रंगला तो ऐकून अक्षरशः डोकं धरायची वेळ आली. एक पार्टी म्हणे, आमच्या टॅक्सच्या पैशावर अजून किती वर्षं? दुसरी पार्टी म्हणे, बळीराजा जगाचा पोशिंदा, त्याच्याकडे हिशेब मागणारे तुम्ही कोण? दोघंही तावातावाने, आणि दोघंही मदत द्यावी की देऊ नये यावरच अडकलेले. मदत द्यावी लागणारच होती हो, कुठल्याही पक्षाचं सरकार असतं तरी द्यावीच लागली असती. विचारायचं होतं ते वेगळंच, की हे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून निघणार? त्याच सुमारास ऊस गाळपावर टनामागे १५ रुपये कापायचं ठरलं, १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्तांसाठी. तेव्हा दोन दिवस आरडाओरडा झाला, मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की हे कारखान्यांच्या नफ्यातून घेणार, शेतकऱ्याच्या बिलातून नाही, आणि विषय मिटला. असा मिटतो का विषय? त्या हंगामातली एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, ती कायद्याने द्यावीच लागते हे मान्य, पण तिच्या वर जो काही दर कारखाना देतो तो ह्याच नफ्यातून देतो ना? नफा १५ रुपयांनी कमी झाला तर पहिली कात्री कशाला लागेल हे कोल्हापूर-सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे एका शेतकऱ्याची मदत दुसऱ्या शेतकऱ्याच्या दरातून, आणि कागदावर नाव कारखान्याचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, नंतर उगाच सस्पेन्स नको. संकटात सरकारने हात आखडू नये, कर्ज काढायला लागलं तर खुशाल काढावं. पण ते फेडायची वेळ आली की पहिलं बिल त्यांच्या नावावर फाडावं ज्यांची मालमत्ता त्या संकटात शाबूत राहिली किंवा उलट फुगली, आणि ते उघड, नाव सांगून, मुदत घालून फाडावं. आपल्याकडे होतं काय, की बिल कोणाच्या नावावर हे कधी ठरवलंच जात नाही, आणि न ठरवल्यामुळे ते आपोआप त्याच्याकडे जातं ज्याला पळता येत नाही, म्हणजे ज्याचा पगार हातात यायच्या आधी कापला जातो तो, नाहीतर ज्याला सकाळी उठून गाडीत पेट्रोल टाकल्याशिवाय धंदा नाही तो.

गंमत म्हणजे खर्च कसा वाटायचा याची अक्कल मुंबईकराला कोणी शिकवायची गरज नाही. कुठल्याही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे आदर्श उपविधी काढून बघा. सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, तळमजल्यावरच्यालासुद्धा, भले तो आयुष्यात लिफ्टमध्ये चढला नसेल. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. पण बिल्डिंगच्या दुरुस्तीचा निधी? तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, म्हणजे मोठ्या फ्लॅटवाल्याला जास्त. सिंकिंग फंडही तसाच, ०.२५ टक्के. रोजच्या वापराचा खर्च सारखा वाटायचा, पण इमारत वाचवायचा खर्च ज्याची जितकी मालमत्ता त्या मापाने. हे तत्त्व एजीएममध्ये टेबलावर हात आपटून सांगणारे आमचे सेक्रेटरी काका राज्याचा विषय निघाला की एकदम म्हणतात, सगळ्यांनी सारखा भार उचलला पाहिजे. अहो काका, मग टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला वन बीएचके आणि थ्री बीएचके सारखे पैसे भरतील का?

आता कोविडचा हिशेब आठवूया, कारण तो अजून ताजा आहे आणि तो कोणी नीट मांडत नाही. मार्च २०२० मध्ये केंद्राने पेट्रोल-डिझेलवर अबकारी कर लिटरमागे ३ रुपये वाढवला, मे महिन्यात पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर १३. राज्य सरकारने १ जून २०२० पासून आपला २ रुपयांचा सेस त्यात टाकला. तेव्हा कच्चं तेल कोसळलं होतं म्हणून केंद्राची वाढ पंपावर लगेच दिसली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तेल परत चढलं, कर मात्र तिथेच राहिला, आणि मे २०२१ संपता संपता मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, त्यातून ३४,४०२ कोटी वाचले, ती अठरा महिन्यांची थकबाकी आजपर्यंत दिलेली नाही. राज्यात मार्च २०२० चा पगार दोन टप्प्यांत दिला. एवढं सगळं समजण्यासारखं आहे, तिजोरीत खडखडाट होता.

पण त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं? २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला, आणि २१ जानेवारी २०२१ ला त्याने ५०,००० ओलांडले. दहा महिन्यांत जवळपास दुप्पट. ज्याच्याकडे पोर्टफोलिओ होता त्याचं लॉकडाऊनमध्ये घरबसल्या भलं झालं, चांगलंय, त्याचा मत्सर नाही. पण त्या वाढीवर संकटाच्या नावाने एक रुपयाही जादा लागला नाही, आणि धारावीतून अंधेरीला बाईकवरून पार्सल पोचवणाऱ्या पोराने मात्र प्रत्येक लिटरला भरला. मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, डिसेंबर २०२० पर्यंत, पुढे मार्चपर्यंत ३ टक्के. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बांधकामाच्या प्रीमियममध्ये बिल्डरांना तब्बल ५० टक्के सवलत दिली, वर्षअखेरपर्यंत. अट अशी की ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं. यामागे लॉजिक नव्हतं असं नाही, बांधकाम बंद म्हणजे लाखो मजूर घरी, आणि नोंदणी खरंच धडाधड वाढली. पण प्रीमियम म्हणजे काय, तर जास्तीचा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर ठरल्यापेक्षा जादा बांधायचा हक्क, वापरायला द्यायची किंमत, म्हणजे शहराच्या मालकीची वस्तू. एकाच वर्षात, एकाच शहरात, पेट्रोलवर जादा सेस आणि एफएसआयवर निम्मी सूट. हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून कोणी बोललं का तेव्हा? मला तरी आठवत नाही.

एप्रिल २०२० मध्ये प्राप्तिकर खात्यातल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी एक टिपण केलं होतं, की एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना काही काळ ४० टक्क्यांचा स्लॅब लावा नाहीतर पाच कोटींच्या वरच्या संपत्तीवर कर आणा. काय झालं? खात्याने हात झटकले आणि तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. त्यांचा प्रस्ताव चुकीचा असेलही, अधिकाऱ्यांनी असं परस्पर जाहीर करायचं नसतं हेही खरं. पण पेट्रोलवर १३ रुपये वाढवायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला कोणी नोटीस दिली नाही, एवढंच म्हणतो.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, कारण ते फालतू नाहीत.

सगळ्यात दमदार मुद्दा असा की श्रीमंतांवर कर लावून हाती काय लागतं? संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये रद्द झाला तेव्हा त्याची वसुली सगळी मिळून हजार कोटींच्या आसपास होती. वारसा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९८५ ला गेली तेव्हा वीसेक कोटी. वसुलीचा खर्च आणि कोर्टकचेऱ्याच जास्त. आणि फार दाबलं तर माणूस दुबईला जातो. हे आकडे खरे आहेत, मी नाकारत नाही. पण वसुली कमी का होती? १९९३ नंतर संपत्ती करातून शेअर, बाँड, कंपन्यांमधली भागीदारी सगळं वगळलेलं होतं, उरलं काय तर रिकामी जमीन, जादाचं घर, दागिने, गाडी. जाळ्याला एवढी मोठी भोकं पाडायची आणि मग समुद्रात मासेच नाहीत म्हणायचं. आणि दुबईचं म्हणाल तर माणूस जाईल, त्याचे पैसेही जातील, पण वरळीतला प्लॉट जाईल का? मुंबईत मालमत्ता कर २०१० पासून भांडवली मूल्यावर आहे, रेडी रेकनर दरवर्षी निघतो, कुठल्या गल्लीत चौरस मीटरला काय भाव हे सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. एका ठरावीक, चांगल्या मोठ्या रकमेच्या वरच्या मालमत्तेवर तीन वर्षांचा अधिभार लावायला नवीन खातं उघडायची गरज नाही. ५०० चौरस फुटांच्या आतल्या घरांना मालमत्ता करातून वगळता आलं, तर वरच्या टोकाला थोडं जास्त लावणं एवढं अशक्य कसं?

शिवाय संकटात कमावलेल्या नफ्यावर कर लावता येतो हे ह्याच देशात करून दाखवलंय. युक्रेन युद्धानंतर तेलाचे भाव भडकले तेव्हा १ जुलै २०२२ पासून तेल काढणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या कंपन्यांवर विंडफॉल टॅक्स लागला, डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकला. दर पंधरा दिवसांनी भाव बघून तो कमी-जास्त व्हायचा. कंपन्या बंद पडल्या? नाही. दुसऱ्या महायुद्धातही इथे जादा नफ्यावर कर होता. पश्चिम जर्मनीने तर १९५२ मध्ये कायदाच केला, की ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली त्यांनी तिच्या निम्म्या किमतीइतकी रक्कम तीस वर्षांच्या हप्त्यांनी भरायची आणि ती ज्यांचं घरदार गेलं त्यांना द्यायची. तीस वर्षं! बॉम्ब माझ्या घरावर पडला नाही तो शेजारच्याच्या घरावर पडला, यात माझं कर्तृत्व काय, एवढा साधा विचार. मराठवाड्यातल्या मांजरा-सिंदफणेच्या पाण्याने कोणाची शेती नेली आणि कोणाचा बीकेसीतला गाळा कोरडा राहिला, यात तरी कोणाचं कर्तृत्व आहे?

दुसरा मुद्दा, सरकार पैसे खातं, मग द्यायचे कशाला? याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही कारण इतिहास ह्या मुद्द्याच्या बाजूने आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, दख्खनमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. मग व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने पुढच्या दुष्काळांची तरतूद म्हणून वर्षाला दीड कोटी बाजूला काढायचं ठरवलं, त्यासाठी १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागिरांवर लायसन्स टॅक्स बसवला. साहेब लोक, सरकारी अधिकारी त्यातून सुटले, बरं का. सुरतेत त्या करावरून दंगल झाली. आणि दुष्काळाच्या नावाने जमवलेला तो पैसा वर्ष-दीड वर्षात अफगाण युद्धाकडे वळला. तेव्हा अविश्वास आजचा नाही, तो पिढीजात आहे. पण बघा, ह्यातून निघतं काय? छुपा, विखुरलेला, कोणाला न कळणारा कर जितका जास्त तितकं पैसे इकडचे तिकडे करणं सोपं. २०२१ मध्ये पेट्रोलवर केंद्राचा कर लिटरला ३२ रुपये ९० पैसे होता, त्यातला राज्यांबरोबर वाटून घ्यायचा भाग फक्त १ रुपया ४० पैसे, बाकी सगळा सेस आणि अधिभार. आपल्याच राज्याच्या पंपावर भरलेला पैसा राज्याच्या वाट्याला येत नाही, आणि याचा राग आपल्याला येतही नाही कारण पावतीवर तो दिसतच नाही. ज्याच्याकडून वर्षाला पाच लाख उघड मागाल तो वकील लावून हिशेब मागेल. ज्याच्याकडून लिटरला दोन रुपये घ्याल तो फक्त "महागाई वाढली" म्हणेल. मला पहिला करदाता हवाय.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. जीएसटीमुळे राज्यांचं जे उत्पन्न बुडालं त्याची भरपाई केंद्राने द्यायची होती, कोविडमध्ये ती तुटली तेव्हा केंद्राने २०२०-२१ मध्ये १.१० लाख कोटी आणि पुढच्या वर्षी १.५९ लाख कोटींचं कर्ज काढून राज्यांना दिलं, आणि ते फेडायला मोटारी, तंबाखू, कोल्ड्रिंक, कोळसा यांवरचा सेस चालू ठेवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तंबाखू सोडून बाकी सगळ्यांवरचा तो उठला. कर्ज आधी, वसुली नंतर, कशासाठी हे माहीत, संपल्यावर बंद. सेस असूनसुद्धा मला तो त्यातल्या त्यात सरळ वाटतो.

तिसरा मुद्दा, कर्ज काढू नका, नातवंडांच्या डोक्यावर बोजा. राज्याचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर गेलंय, काळजी वाटणारच. पण नातवंडं म्हणजे सगळी एका माळेचे मणी नाहीत. सरकारी रोख्यांचं व्याज काही नातवंडांना मिळणार आहे आणि काही नातवंडं साबणापासून सिमेंटपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरून ते व्याज देणार आहेत. बोजा पिढ्यांमध्ये कमी आणि एकाच पिढीतल्या दोन घरांमध्ये जास्त वाटला जातो. १८५७ नंतर हेच झालं. बंड मोडायचा सगळा खर्च हिंदुस्थानच्या खात्यावर टाकला, १८६० मध्ये इंग्रज सरकारच्या अर्थखात्याचा प्रमुख जेम्स विल्सनने त्यासाठी आपल्याकडे पहिला आयकर आणला, वर्षाला २०० रुपयांच्या वर कमावणाऱ्यावर. आणि जिच्या कारभारामुळे हे सगळं झालं त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना? कंपनीची सत्ता १८५८ मध्ये गेली तरी साडेदहा टक्के डिव्हिडंड हिंदुस्थानच्या महसुलातून १८७४ पर्यंत चालूच. नातवंडांचा बोजा म्हणतात तो असा असतो.

आणि मग आपला लाडका मुद्दा: मुंबई आधीच एवढा टॅक्स देते, अजून किती पिळणार? खरंय, मुंबई देते. पगारदार तर फारच देतो, गेल्या काही वर्षांत देशात व्यक्तिगत आयकर कंपन्यांच्या कराच्या पुढे गेलाय. २०१९ मध्ये कंपन्यांचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, अंदाजे १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडून, आणि २०२३ मध्ये पाच कोटींच्या वर कमावणाऱ्यांचा सगळ्यात वरचा दर नव्या करप्रणालीत ४२.७४ वरून ३९ टक्क्यांवर उतरवला. कोविडचं बिल तेव्हा अजून फिटलं नव्हतं आणि सूट सगळ्यात वरच्या मजल्यावर. तेव्हा पगारदार चिडतो त्यात काही चूक नाही, चूक एवढीच की तो खाली बघून चिडतो, परभणीच्या शेतकऱ्यावर. "मुंबई" नावाचा कोणी एक माणूस टॅक्स भरत नाही. कुर्ल्याच्या चाळीतला क्लार्क आणि मलबार हिलवरचा जमीनमालक दोघं मुंबईच.

ह्याचा सगळ्यात चांगला पुरावा माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला छापून येतो. पीटी, २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. व्यवसाय कर. ऑफिसात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना माहीत नसतं की हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी आला. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायला आलेली माणसं, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरलेली योजना, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदार-व्यावसायिकांनी दरमहा थोडे पैसे द्यायचे, त्यात सरकारने आपली भर घालायची. मला हा महाराष्ट्राच्या इतिहासातला फार मोठा निर्णय वाटतो. दुष्काळ गावात, बिल शहराला, आणि कोणी रस्त्यावर उतरलं नाही. पुढे २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला तो ह्याच पायावर. पण आज त्या कराची अवस्था बघा. महिन्याला दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला वर्षाला २,५०० रुपये, बाईला पंचवीस हजारांच्या वर गेला की तेवढेच. आणि वर कितीही जा, २,५००च. सिक्युरिटी गार्डचे २,५००, ज्या बँकेच्या दारात तो उभा आहे तिच्या सीईओचेही २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच ही मर्यादा आहे, १९८८ च्या दुरुस्तीने २५० ची २,५०० झाली, आणि तेव्हापासून हललेली नाही.

मला विचाराल तर महाराष्ट्राने सुरुवात इथून करावी. केंद्राकडे जाऊन ठणकावून सांगावं की कलम २७६ ची मर्यादा वाढवा, आम्हाला पंचवीस हजारवाल्याला शून्य आणि महिना पाच लाखवाल्याला त्याच्या पगाराच्या हिशेबात लावायचंय. ते होईपर्यंत जे मुंबईच्याच हातात आहे ते करावं. सगळ्यात महागड्या मालमत्तांवर पूरनिधीचा तीन वर्षांचा अधिभार, जमा किती आणि कुठल्या तालुक्यात गेले हे दर तिमाहीला जाहीर. आणि कर्मचाऱ्यांकडून एक दिवसाचा पगार मागायचा पुढचा जीआर निघायच्या आधी २०२१ च्या त्या प्रीमियम सवलतीचा हिशेब विधानसभेत ठेवावा: कोणत्या प्रकल्पाला किती सूट मिळाली, त्यातली ग्राहकापर्यंत किती पोचली, आणि ती रक्कम टनामागे १५ रुपयांनी भरून काढायला किती ऊस गाळावा लागेल.